मुंबईचा नियम, रत्नागिरीचा फळा

१८६०च्या दशकातली गोष्ट. एक तरुण हेडमास्तर, आधी सिंधमधल्या हैदराबादेत आणि मग रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात, मुलांना संस्कृत शिकवायचं कसं या विवंचनेत होता. नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली पहिल्यांदा बी.ए. झालेल्या चौघांपैकी हा एक. बाकीचे तिघे म्हणजे महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. कोकणात संस्कृत जाणणाऱ्यांची वानवा नव्हती, गावोगावी शास्त्री होते. पण शास्त्रीबोवांची रीत निराळी. आधी रूपावली घोकायची, मग अमरकोश, मग व्याकरण. त्यात दहा-बारा वर्षं गेली तरी कुणाचं काही बिघडत नसे. हायस्कुलात तास बांधलेला, घंटा ठरलेली आणि समोर इतिहास, भूगोल, गणित असा सगळाच संसार सांभाळणारी मुलं. या मुलांना थोडक्या वर्षांत संस्कृत वाचता यावं म्हणून भांडारकरांनी धडे पाडले. थोडे नियम, त्याखाली शब्द, त्याखाली भाषांतरासाठी वाक्यं. हीच ती ‘मार्गोपदेशिका’. पाठोपाठ दुसरं पुस्तकही आलं. दीडशे वर्षं उलटली, तरी दोन्ही पुस्तकं अजून छापली जातात आणि खपतात.

आता गंमत बघा. रत्नागिरीच्या हायस्कुलात संस्कृतला असा ठरलेला तास का मिळाला? गावकऱ्यांनी अर्ज केला होता म्हणून नव्हे, की मुलांनी हट्ट धरला म्हणूनही नव्हे. मुंबईत एका विद्यापीठानं ठरवलं होतं की कॉलेजच्या वरच्या परीक्षांना बसायचं तर संस्कृत, लॅटिन, ग्रीक, फारसी, अरबी अशांपैकी एखादी अभिजात भाषा आली पाहिजे. कॉलेजात गेल्यावर संस्कृत अ-आ-ईपासून सुरू करून बी.ए.च्या पेपरापर्यंत पोचणं कठीण, म्हणून सुरुवात हायस्कुलात. कॉलेजात जाणारी मुलं किती, तर अगदी मोजकी. तास मात्र सगळ्या वर्गाचा बसला. गावची शाळा कितीला सुटायची हे शेवटच्या एस.टी.वर ठरतं, मग ती एस.टी. पकडणारी पोरं चारच का असेनात. तसाच हा प्रकार.

पुढे दीडशे वर्षं महाराष्ट्रात हेच चालत आलं. शाळेत काय शिकवायचं यावर आपण पानंच्या पानं लिहितो, समित्या नेमतो, सभा गाजवतो. आणि विषय जगतात की मरतात हे बहुतेक वेळा ठरतं ते शाळेच्या पुढच्या पायरीवर, प्रवेशाच्या नियमात लिहिलेल्या एखाद्या ओळीनं. या ओळीचा माग काढायला मुंबई इलाख्याइतकी चांगली जागा नाही. इथे ती ओळ लिहिणारी माणसं, तिच्याशी भांडणारी माणसं आणि तिच्यामुळे आयुष्याची वाट बदललेली माणसं, सगळी आपल्या ओळखीची आहेत.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. आज विद्यापीठ म्हटलं की इमारती, वर्ग, प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. त्या वेळच्या विद्यापीठात यातलं काही नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. आणि तिनं घेतलेली पहिली परीक्षा पदवीची नव्हती, दारातली होती: १८५९ची मॅट्रिक. पास झालेली मुलं जेमतेम वीस-बावीस, त्यात रानडे होते. म्हणजे विद्यापीठाची समाजाशी पहिली गाठ पडली ती प्रवेशपरीक्षेत. तिथून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं, शाळेत काय शिकायचं हे सांगणारा सगळ्यात खणखणीत आवाज शाळाखात्याचा नव्हता, मॅट्रिकच्या पेपराचा होता.

मॅट्रिक नावाला प्रवेशपरीक्षा. प्रत्यक्षात ती शाळा संपल्याचा दाखला झाली, नोकरीचा परवाना झाली, लग्नाच्या बाजारात वजन झाली. कॉलेजचं तोंडही न पाहणारा मुलगा मॅट्रिकसाठीच शिकत राहिला. ‘नॉनमॅट्रिक’ हीसुद्धा आपल्याकडे एक पात्रता होती हे विसरू नका. परीक्षेच्या दारापर्यंत गेलो होतो, एवढं सांगण्यातही प्रतिष्ठा होती.

अभिजात भाषांचा आग्रह धरणाऱ्यांत पुढे होते सर अलेक्झांडर ग्रँट. ऑक्सफर्डचे विद्वान, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरू. मराठेशाहीची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला म्हणून विद्यार्थी रानड्यांची शिष्यवृत्ती काही महिने रोखणारे ते हेच. ग्रँट ज्या ऑक्सफर्डमधून आले, तिथे ग्रीक येत नसेल तर प्रवेश नव्हता. त्यामुळे इंग्लंडातल्या शाळा पोरांकडून ग्रीक क्रियापदं घोकून घेत. ही सक्ती केंब्रिजनं सोडली १९१९ साली आणि ऑक्सफर्डनं १९२०मध्ये. लॅटिनची सक्ती तर दोन्ही ठिकाणी १९६०च्या आसपासपर्यंत टिकली. ग्रँटसाहेबांनी आपल्या गावचा नियम इथे आणला, एवढंच. इंग्लंडात ग्रीक-लॅटिन, तर इथे संस्कृत-फारसी. मराठी-गुजरातीला अजून उंचीचं वाङ्मय नाही, त्या भाषांवर बुद्धीला धार लागणार नाही, असा हिशेब होता. मॅट्रिकला मराठी घेता येई, पण वरच्या परीक्षांतून ती बाहेर गेली. मग ज्या मुलाला पुढे जायचं आहे तो मॅट्रिकला तरी मराठी कशाला घेईल? शाळेतल्या हुशार पोरांच्या ओळी संस्कृतकडे वळल्या. मराठी राहिली प्राथमिक शाळेत आणि व्हर्नाक्युलर फायनलच्या वर्गात, ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तर होऊ पाहणाऱ्यांकडे.

मराठीला कुणी बंदी केली नव्हती. कुणी फतवा काढला नाही, पुस्तकं जाळली नाहीत. ती फक्त मोजली जाईनाशी झाली, आणि तेवढ्यानं भागलं.

यातून काय उगवलं ते पाहिलं की मात्र मी जरा गोंधळतो, कारण नुसता तोटाच झाला असं म्हणता येत नाही. सरकारी हायस्कुलांतून संस्कृत शिकवणाऱ्यांची गरज निर्माण झाली, आणि त्या गरजेतून महाराष्ट्रात संस्कृत विद्येची अशी पिढी उभी राहिली की तिला तोड नाही. वामन शिवराम आपट्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि १८९०मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश काढला. जगभरचे अभ्यासक आजही हाताशी ठेवतात तो हा कोश मुळात शाळा-कॉलेजातल्या परीक्षार्थींच्या सोयीसाठी झाला होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे, आणि ती आपल्या शाळेत यावी म्हणून हायस्कुलांत चुरस लागे. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. आणि ज्या रत्नागिरीच्या हायस्कुलात भांडारकर हेडमास्तर होते, तिथेच विसाव्या शतकाच्या आरंभी एक तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला: पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न झालेले. प्रवेशाच्या नियमातली एक ओळ, आणि तिच्या सावलीत कोश, क्रमिक पुस्तकं, शिष्यवृत्त्या, शिक्षकांच्या नोकऱ्या असा सगळा गाव वसतो. नियम करणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसतं.

दुसऱ्या बाजूला रानडे. ज्या विद्यापीठाचे ते पहिले पदवीधर, त्याच विद्यापीठात मराठीला परत आणायला त्यांनी वर्षानुवर्षं घातली. समोरचा आक्षेप ठरलेला: मराठीत वाङ्मय आहेच कुठे? रानडे न्यायाधीश, त्यांनी पुरावा गोळा केला. सरकारदरबारी नोंदलेल्या छापील मराठी पुस्तकांचा हिशेब मांडला, कोणत्या विषयावर किती आणि कशी, आणि १८९८मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत टिपण लिहिलं. आज आपण ते टिपण वाङ्मयाचा इतिहास म्हणून वाचतो. खरं तर तो अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून केलेला युक्तिवाद होता. १९०१च्या जानेवारीत रानडे गेले, आणि त्याच सुमाराला एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. म्हणजे मराठी पहिलीच्या वर्गात होती आणि एकदम एम.ए.च्या गच्चीवर होती. मधले जिने बांधायला आणखी बरीच वर्षं गेली.

आणि हाच नियम एखाद्या मुलाच्या वाट्याला कसा येई? भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. वडिलांचीही तीच इच्छा. पण संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्य मुलाला शिकवायचं नाकारलं. पुढे कॉलेजात जायचं तर अभिजात भाषा हवीच होती. म्हणून त्यांनी फारसी घेतली, १९०७ साली मॅट्रिक झाले आणि बी.ए.लाही फारसीच ठेवली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता, भाषा कोणती घ्यायची त्याची मोकळीक होती. पण नियम विद्यापीठाचा आणि शिकवणारा शाळेतला. दार एकाचं, वाट दुसऱ्याच्या अंगणातून. प्रवेशाच्या अटी कितीही निःपक्ष लिहिल्या, तरी त्या पुऱ्या करायची सोय कुणाच्या हाती आहे हा प्रश्न उरतोच. आज तोच प्रश्न क्लासच्या फीच्या रूपात उभा आहे.

या कोड्यावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाबद्दल त्यात जे आहे ते आपण वारंवार उद्धृत करतो. हायस्कुलांविषयीचा भाग मात्र वाचायचा राहून जातो. त्यात त्यांनी म्हटलं आहे की मॅट्रिकची परीक्षा शिक्षकांचं आणि मुलांचं लक्ष नको इतकं व्यापून टाकते, आणि नेमलेल्या अभ्यासात व्यवहाराचा अंश नसल्यानं मुलगा स्वतंत्रपणे पोट भरायला तयार होत नाही. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षं झाली होती. आजच्या एखाद्या पालकसभेत हेच वाक्य म्हटलं तर सगळे माना डोलावतील.

आयोगानंही ते ऐकलं. शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी, अशी शिफारस झाली. मुंबई इलाख्यात ‘स्कूल फायनल’ नावाची वेगळी परीक्षाही निघाली. पण पालक काही खुळे नव्हते. एका वाटेनं गेलं तर कॉलेजही उघडं आणि कचेरीही. दुसरीनं गेलं तर कॉलेज बंद. मग दुसरी वाट कितीही शहाणपणाची असो, मुलाला तिकडे घालणार कोण? जो विषय पुढचं दार उघडत नाही, तो दुय्यम मुलांचा विषय होतो. आपल्या शाळांतल्या शेती, सुतारकाम, शिवण या विषयांच्या नशिबी हेच आलं.

हा आजार आपल्याच मातीतला आहे असं समजू नका. अमेरिकेतली एक हकीकत तर मला अजूनही खरी वाटत नाही, इतकी ती अजब आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन द्यायची कुठल्या कॉलेजच्या प्राध्यापकांना? कॉलेज म्हणायचं तरी कशाला? तिथे त्या काळी नावापुरती कॉलेजंही पुष्कळ होती. तेव्हा कार्नेगी फाउंडेशननं अट घातली: प्रवेशासाठी हायस्कुलातला चार वर्षांचा अभ्यास, म्हणजे १४ ‘युनिट’ मागणारं, तेच कॉलेज. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. पेन्शन कुणाला नको? कॉलेजांनी पटापट अट मान्य केली, आणि देशभरच्या हायस्कुलांनी आपली वेळापत्रकं त्या युनिटात कापून घेतली. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी काढलेलं माप अमेरिकेतल्या चौदा वर्षांच्या पोरांच्या तासिकांवर बसलं, आणि शंभर वर्षांनंतरही ते पुरतं उतरलेलं नाही.

शाळेत शिकवायचं बदलायचं असेल तर शाळेशी भांडून उपयोग नाही, दारच वेगळं बांधलं पाहिजे, हे आपल्याकडे ज्यांनी ओळखलं ते धोंडो केशव कर्वे. मुलींनी मॅट्रिकच्या चरकातून जावं आणि इंग्रजीतून भूमिती घोकावी, हे त्यांना पटत नव्हतं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६मध्ये त्यांनी स्वतःचं विद्यापीठच काढलं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी विषय म्हणून. गृहशास्त्र, आरोग्य अशा विषयांना मान. पदवीचं नावही आपलं, ‘गृहीतागमा’. आणि मुख्य म्हणजे प्रवेशपरीक्षा स्वतःची. त्यामुळे या विद्यापीठाशी जोडलेल्या मुलींच्या शाळा मॅट्रिकच्या जाचातून सुटून वेगळं काही शिकवू शकल्या. १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि संस्थेला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. पण या दारापलीकडे सरकारी नोकरीचा रस्ता सरळ जात नव्हता. कायद्यानं पूर्ण मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. तोवर ज्या पालकांना परवडे ते मुलींनाही मुंबईच्याच मॅट्रिकला बसवत. मुलींना काय शिकवावं याबद्दलची कर्व्यांची सगळीच मतं आज मानवणार नाहीत, पण यंत्राची किल्ली कुठे आहे हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

पालीची गोष्टही याच यंत्राची, फक्त गोड बाजूची. धर्मानंद कोसंबी सिंहल-ब्रह्मदेशात पाली शिकून आले. इथे ती शिकवायची तर विद्यार्थी कुठून आणायचे? भांडारकरांच्या पाठबळानं मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा झाली, आणि फर्ग्युसन कॉलेजात कोसंबींच्या वर्गाला मुलं मिळाली. मोजायला लागले, आणि वर्ग भरला.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून निघून एसएससी मंडळाकडे गेली. १९७५ला दहावीची पहिली परीक्षा आणि १९७७ला बारावीची, असा दहा अधिक दोनचा नवा आकृतिबंध आला. आता तरी शाळेवरची विद्यापीठाची सावली हटली का? उलट ती आणखी गडद झाली. पूर्वी इंटर सायन्सला ‘ए ग्रुप’ की ‘बी ग्रुप’ असा प्रश्न असे. तो आता अकरावीच्या दारात आला: पीसीएम की पीसीबी? सोळाव्या वर्षी मुलगी जीवशास्त्र सोडते, कारण इंजिनिअरिंगला ते मोजत नाहीत. तिची मैत्रीण गणित सोडते, कारण मेडिकलला ते विचारत नाहीत. मग मोकळ्या झालेल्या जागी काय घ्यायचं? इथे बारावीच्या विज्ञान शाखेची खास विद्या सुरू होते. २०० मार्कांचा बायफोकल विषय घेतला, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा पीकशास्त्र, की दुसऱ्या भाषेची कटकट मिटते. किंवा आयटी घ्यायचा: परीक्षा कॉम्प्युटरवर, मार्क भरघोस, अभ्यास आटोपशीर. यात इंग्रजी सक्तीची आहे, मराठी नाही. राज्यात २०२० साली मराठी सक्तीचा कायदा झाला तो पहिली ते दहावीपुरता. अकरावीच्या विज्ञानाच्या वर्गात मराठीची जागा आयटीनं घेतली. ग्रँटसाहेब असते तर त्यांनाही नवल वाटलं असतं: मराठी बाहेर गेली, तीही संस्कृतसाठी नाही, तर वेळ वाचवण्यासाठी!

या यंत्राचं काम जवळून पाहायचं असेल तर राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा कागद वाचावा. प्रश्नांपैकी अकरावीवर सुमारे २० टक्के, बारावीवर ८० टक्के. भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेक मार्काचे. गणिताचे पन्नास, पण दोन-दोन मार्कांचे. उणे गुण नाहीत. एवढ्या चार ओळींत दोन वर्षांचं वेळापत्रक दडलंय. अकरावी एका सपाट्यात संपते. गणिताच्या क्लासला सगळ्यांत जास्त तास. आणि प्रयोगशाळा? प्रॅक्टिकलला बोर्डाचे ३० मार्क असतात, सीईटीला शून्य. परिणाम जर्नलात दिसतो. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन खरं तर मोठं देखणं. ब्युरेटमधून एकेक जांभळा थेंब फ्लास्कमध्ये पडतो, हलवताच विरून जातो, पडतो, विरतो, आणि एका थेंबाला अचानक गुलाबी छटा टिकते. तिथे थांबायचं आणि आकडा टिपायचा. पण पुष्कळ जर्नलांत हा आकडा उत्तरावरून उलट काढलेला असतो, तीन रीडिंग, तिन्ही तंतोतंत सारखी. खऱ्या हातून तीन वेळा तंतोतंत सारखं रीडिंग क्वचितच येतं, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि तो सही करतो.

मुलं कॉलेजात नाव घालतात आणि दिवसभर क्लासला बसतात. ‘इंटिग्रेटेड’, ‘टायअप’ हे शब्द आता पालकांच्या तोंडी बसले आहेत. सरकारनं २०१८मध्ये विज्ञानाच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली. अंगठा लागतो, मन लागत नाही. लातूरसारखं शहर तर या दारापुढे वसलंय म्हटलं तरी चालेल. प्रश्नसंच सोडवून सोडवून मुलांना पक्कं करायचा ‘लातूर पॅटर्न’ बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळण्याच्या काळात नावारूपाला आला. नियम बदलला, सीईटी आली, मग मेडिकलसाठी देशभरची नीट आली, आणि प्रत्येक वेळी शहरानं पाठ्यपुस्तकं बदलून घेतली. नीट आल्यावर एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तकं मराठवाड्यातल्या खोल्याखोल्यांत पोचली. राज्य मंडळालाही आपला अभ्यासक्रम केंद्राच्या वळणावर न्यावा लागला. कुणी काय शिकावं याचा हुकूम कुणीच काढला नव्हता.

नियम सैल झाला तरी तितकीच खळबळ होते. २०२१मध्ये तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, एआयसीटीईनं, काही इंजिनिअरिंग शाखांना बारावीचं गणित-भौतिक सक्तीचं नाही असं सुचवताच देशभर गदारोळ झाला. २०२३च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सांगितलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र दिलेल्यालाही नीटला बसता येईल. म्हणजे सोळाव्या वर्षी बंद केलेलं दार अठराव्या वर्षी किलकिलं झालं. याचा शाळांवर काय परिणाम होतो ते दिसायला अजून वेळ लागेल. पण अकरावीचा फॉर्म भरताना जी घालमेल होते, ती थोडी कमी व्हायला हवी.

भाषेची गोष्ट तर मला सगळ्यांत थक्क करते. नीट आज मराठीतूनही देता येते, पण मराठी निवडणारे एकूणाच्या मानानं नगण्य. कारण अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीत शिकलेलं मूल ऐन परीक्षेत मराठीकडे वळेलच कशाला? सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर मराठीत आहेत. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. अकरावी जड जाऊ नये म्हणून मराठी शाळांनी आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत घेतलं. आठवी जड जाऊ नये म्हणून ते पाचवीला आलं, आणि काही जिल्हा परिषद शाळांत पहिलीलाही. हे ‘सेमी इंग्रजी’ कुण्या शिक्षणतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालं नाही, ते एकेक इयत्ता खाली उतरत गावापर्यंत आलं. ज्या शाळेत सेमी नाही तिची पटसंख्या गळते, म्हणून मुख्याध्यापकच पुढाकार घेतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव मांडणारा बाप सीईटीचं नाव काढत नाही. त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. ‘पुढं जड जायला नको,’ एवढंच तो म्हणतो, आणि ठराव एकमतानं पास होतो.